परीच्या पायाशी दोन फुलं

मी टाकी बोलतेय. दगड टोचायची साधी पोलादी छिनी. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझ्या वाट्याला देव कधी आलाच नाही, आले ते पाटे. इतवारी बाजारातल्या लोहाराने मला घडवलं आणि मी अंजनाबाईच्या पिशवीत पडले. "पाट्याले टाकी लावाऽ" असं ओरडत ती गल्ल्या पालथ्या घालायची. गुळगुळीत झालेला पाटा टोचून झाला की कोपऱ्यात एक फूल काढायची. ती तिची खोड.

तिचा नवरा कवडू इंग्रजांच्या जुन्या कब्रस्तानात चौकीदार झाला आणि चौऱ्याहत्तर साली मी तिथे गेले. पाहून थक्कच झाले. घराएवढे मनोरे, मुद्दाम मोडका घडवलेला खांब, आणि एका एवढ्याशा थडग्यावर संगमरवरी परी. तिच्या पंखाचं पीस अन् पीस वेगळं. हे माझ्याच जातीच्या कुणीतरी केलं होतं. मला अभिमान वाटला, आणि माझी लाजही वाटली.

एकदा कब्रस्तानाचा कारभार बघणारे साहेब आले. म्हणाले, "ज्यावरचं नाव वाचता येणार नाही, ते थडगं निघेल. दगड कुंपणाला लावू. सोमवारी बघतो." परीखालच्या दगडावरचं नाव पार पुसट झालं होतं.

"काहून गप्प बसली वं?" कवडूने विचारलं.

"लेकराचं थडगं हाये ते. आपली वच्छी नदीकाठी पुरली, तिथं खुणेले गोटाही नाई ठेवला आपण. हिचा तरी दगड राहो."

अंजनाबाईला अक्षरओळख नव्हती. तिने दगडावर चुलीची राख चोळली. खाचांत राख बसली तशा रेघा दिसू लागल्या. मग बोटाने चाचपत तिने एकेका रेघेवरून मला चालवलं. पाट्यावर मी बिनधास्त नाचायची. इथे जीव मुठीत धरून चालले. एक ठोका चुकला असता तर कपचीबरोबर नावही गेलं असतं. तीन दिवस लागले.

सोमवारी साहेबांनी वाचलं, "एमिली. वय वर्षं तीन." थडगं राहिलं. मग ते खाली वाकले. "आणि कोपऱ्यात ही फुलं कसली?"

अंजनाबाईने जीभ चावली. "एक सवयीनं निघालं, साहेब. म्हटलं, हिचं असू द्या."

"आणि दुसरं?"

"आमच्या वच्छीचं."

साहेबांनी वहीत खूण केली आणि ते पुढच्या थडग्याकडे वळले. फुलं तशीच राहिली.

आता घरोघरी मिक्सर आलेत. मी बोथट होऊन कोनाड्यात गंजत पडले आहे. देव घडवला नाही याचं दुःख उरलेलं नाही. तिकडे गेलात तर परीच्या पायाशी वाका आणि दुसऱ्या फुलावरून बोट फिरवा. वच्छीची या जगात तेवढीच खूण आहे.