सुलाबाईंची झाकणी

सुलाबाईंना ताटांचा नाद होता. नाद कसला, वेडच म्हणा ना! अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी वीस वर्षं काढली, आणि पगार हातात पडला की बाई निघाल्याच भांडीबाजारात. कुणी साडी घेतं, कुणी सोन्याचा मणी जमवतं. या स्टीलचं ताट घ्यायच्या. दुकानाबाहेर भांड्यांवर नावं टाकणारा बसायचा, त्याला दरडावायच्या, "सुलाबाई धोंडीराम. खोल टाक, पुसलं नाही पाहिजे." मग ते ताट पिशवीसकट कपाटात. त्यात कुणी घासभर जेवलं असेल तर शपथ! बुद्धपौर्णिमेला त्यांच्या उपनगरातल्या दोन खोल्यांत अख्खी गल्ली खिरीला यायची, तरी खीर कागदी द्रोणातच.

आता त्यांच्या लेकानं, बंटीनं, पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला होता. सामान बांधायचं काम चालू होतं.

"आई, तिथलं किचन लहान आहे," बंटी भीत भीत म्हणाला. "एवढी ताटं नाही मावायची. थोडी मोडीत देऊ."

सुलाबाईंनी कपाटाला पाठ लावली. "मलाच दे की मोडीत!"

बंटी मुकाट्यानं बाहेरच्या खोलीत पंखा उतरवायला गेला. सुलाबाई मात्र कपाटापासून हलल्या नाहीत. फ्लॅट लेकाचा अन् सुनेचा, दारावर पाटीही त्यांचीच लागणार. उद्या कुणी 'आई, जरा सरका' म्हणालं, तर आपलं म्हणून बोट ठेवायला काय उरणार? ताटांवर निदान नाव तरी होतं.

सून चैताली शाळेत शिकवायची. लग्नाला आठ महिने झाले होते. पोरगी कमी बोलायची, म्हणून सुलाबाईंना तिची जरा धास्तीच वाटायची. ती खाली बसून जुनी भांडी निवडत होती. एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची झाकणी तिच्या हाती आली, काठ दुमडलेली, मध्ये पोचा पडलेला. तिनं ती मोडीच्या पोत्यात टाकली.

"अगं ए! ती कुठं टाकती? माझी हाय ती!" चिडल्या की सुलाबाईंची विंचूरची बोली बाहेर यायची.

"हिचं पातेलंसुद्धा नाही आई. हिचं काय करता?"

"जेवते मी तिच्यात."

चैताली बघतच राहिली. रोज रात्री 'तुम्ही बसा, मी मागून जेवते' म्हणत सासूबाई ओट्याकडे तोंड करून जेवायच्या. कशात, ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, कपाटभर ताटं आहेत तुमची!"

सुलाबाई पोत्यातून झाकणी काढून पदरानं पुसत बसल्या. "मी सहा वर्षांची होते, आई गेली. मामाकडं वाढले. मामी वाईट नव्हती गं, पण माणसं लय अन् ताटं थोडी. मला झाकणीत वाढायची. पाहुणा आला की ताटावर बसलेली पोरं उठवायची, पण झाकणीवरून मला कुणी उठवलं नाय. लग्नात मामीनं विचारलं, काय देऊ? मी हीच मागितली."

"आणि ही ताटं?"

"बघायला बरं वाटतं. पण ताटावर बसले अन् कुणी उठ म्हणलं तर?"

चैताली उठली. तिनं कपाट उघडलं. चैतालीनं वरचं ताट काढलं, नखानं स्टिकर खरवडला, ताट धुतलं आणि त्यात भाकरी, मेथीची भाजी अन् ठेचा वाढला. शेजारी स्वतःचंही ताट मांडलं.

"बसा."

"तू जेव, मी मागून..."

"मीही मागूनच जेवते मग. गार होऊ दे."

"चैताली, पक्कड कुठंय?" बाहेरून बंटी ओरडला.

"आम्ही जेवतोय! तुझी तू शोध!"

सुलाबाई बसल्या. पहिला घास त्यांनी दाराकडे बघतच खाल्ला. कुणी आलं नाही. दुसरा खाल्ला. ताटाच्या काठावर स्वतःचं नाव दिसलं आणि डोळे भरून आले.

"लय उशीर झाला गं मला बसायला," त्या म्हणाल्या. चैतालीनं सरकून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

जेवण झाल्यावर सुलाबाईंनी झाकणी धुतली, इकडंतिकडं पाहिलं आणि वरणाच्या उघड्या पातेल्यावर ठेवली. जराशी तिरपी बसली, पण बसली.

"ताटं दे मोडीत," त्या म्हणाल्या. "तीन ठेव. तुझं, बंटीचं, माझं."

चैतालीनं मान हलवली आणि ताटं काढायला घेतली.

"थांब, चार ठेव," सुलाबाई घाईनं म्हणाल्या. "घरात कुणी नवं माणूस आलं, तर त्याला झाकणीत नको वाढायला."