पायात नसलेला बूट

मित्रांनो, माझ्या अंगावरच्या या तिरप्या चिरेची मला मुळीच लाज वाटत नाही. मी डाव्या पायाचा बूट आहे, आता पुरता जुना झालो आहे, आणि ही चीर एवढीच माझ्या आयुष्याची कमाई आहे.

माझा जन्म कानपूरचा. दुहेरी चामडे, जाड शिवण आणि बोटांवर पोलादी टोपी. एकाहत्तर साली लोणावळ्याच्या एका ठेकेदाराने विजेच्या तारांखालची झाडे तोडायला पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत आणली. तिच्यासोबत मी, माझा उजवा भाऊ आणि एक जाडजूड पँट आलो. पँटीत दोऱ्यांचे थर होते. साखळी लागली की दोरे तिच्यात गुंतून तिला थांबवतात म्हणे. खरे-खोटे कधी कळलेच नाही. मुकादम कोंडाजीने ती जीपच्या सीटवर मऊ म्हणून अंथरली.

करवत नवसूच्या हाती आली. ठाकरवाडीचा नवसू जन्मभर अनवाणी चाललेला. पहिले आठ दिवस मी त्याला सारखा चावलो. त्याची बायको हिरी हसून म्हणायची, "अवं, नाल ठोकल्याला बैल चालतोय जणू."

श्रावणात ऐनाचा ओंडका कापताना तो एकदम तुटला आणि चालती करवत थेट माझ्यावर उतरली. चामडे फाटले, साखळी पोलादावर खरखरली आणि बाजूला घसरली. नवसूने मला काढून आपली बोटे मोजली. पाचही होती. घरात भाजीपुरते तेल नसताना हिरीने त्यातले मला चोळले. "लय मोठं काम केलंस रं बाबा," ती मला म्हणाली. इतके गोड मला कुणीच बोलले नव्हते.

मग दसरा आला. खंडेनवमीला करवत पाटावर बसली होती. हळद, कुंकू, झेंडूची माळ, सगळा थाट तिचा. आम्ही चामड्याचे, म्हणून मांडवाबाहेर. दसऱ्याच्या सकाळी करवत उचलून मुहूर्ताचा ओंडका कापायचा होता. नवसूने सवयीने मला हातात घेतले.

"पुजल्याल्या हत्याराला चामडं घालून हात लावतोस व्हय?" कोंडाजी म्हणाला.

"चुकलंच माझं," नवसू ओशाळला. त्याने मला हळूच खाली ठेवले. मला ओरडायचे होते, पण बुटाला तोंड असूनही बोलता येत नाही.

ओंडका तुटला आणि करवत खाली आली. श्रावणात आली होती तशीच, त्याच पायावर. मी चार हातांवर होतो, अगदी धडधाकट.

पंधरा दिवसांनी भरपाईच्या चौकशीला साहेब आले. कोंडाजीने मला टेबलावर ठेवले. "बूट दिलं व्हतं, साहेब. ह्यानं घातलंच न्हाईत."

साहेबांनी नवसूकडे पाहिले. कुबडीवर उभा राहून नवसू म्हणाला, "व्हय. न्हाई घातलं." पूजेचे नाव त्याने घेतले नाही. देवाला साक्षीला कसे ओढायचे, असे त्याला वाटले असेल. कोंडाजीही गप्प राहिला. साहेबांनी माझी चीर बोटाने चाचपली, "बूट मजबूत आहे," म्हणाले आणि नवसूचाच निष्काळजीपणा लिहून निघून गेले. माझे आयुष्यभरातले सगळ्यात मोठे कौतुक ते, आणि त्याच कौतुकाने माझ्या माणसाला एक छदामही मिळू दिला नाही. त्या दिवसापासून मला स्वतःचा संताप येतो.

ठेकेदाराने आम्हा दोघा भावांना टाकून दिले. हिरीने उचलून घरी आणले. नवसूच्या डाव्या पायाला आता बोटे नाहीत, तो माझ्यात नीट बसत नाही. म्हणून रोज सकाळी हिरी माझ्या पुढच्या भागात जुन्या लुगड्याचे बोळे कोंबते, मग नवसू पाय घालतो आणि काठी टेकत गुरांमागे जातो.

मित्रांनो, मी काम कसे करतो असे कुणी विचारले तर सांगा, उत्तम करतो. फक्त कुठल्याही मुहूर्तासाठी मला दाराबाहेर काढून ठेवू नका. माझी पोलादी टोपी अजून शाबूत आहे. तिच्याखाली हिरीच्या चिंध्या अगदी सुखरूप असतात.