सुताराच्या लेकीचा मोबाईल
मी चिंगीचा मोबाईल बोलतोय. दिवसभर इतरांचे आवाज पोचवतो. आज जरा माझं ऐका.

चिंगी सोळा वर्षांची. बाबा सुतार, आई दवाखान्यात नर्स. कॉलेज लांब पडतं म्हणून आईने मला घरी आणलं. महिनाभरात मी चिंगीच्या हाताला चिकटलोच. जेवताना मी, वहीच्या आड मी, दात घासतानाही मीच. केवढे लाड, असं मला वाटायचं. पण तिचा चेहरा माझ्याइतक्या जवळून कोण बघतं? तासन्‌तास गमतीचे व्हिडिओ बघूनही तो हसायचा नाही. एकदा ती आईला म्हणाली, "सगळं बघून होतं गं, पण आत रिकामंच वाटतं." आई ड्युटीला निघाली होती. रविवारी बोलू म्हणाली. तो रविवार राहूनच गेला.

एका संध्याकाळी बाबा तिच्याशेजारी येऊन बसले. मोजपट्टी उघडत-मिटत राहिले. मग म्हणाले, "चिंगे, आमचे वस्ताद गेले."

"कुठे?" तिने मान वर न करताच विचारलं.

बाबांनी मोजपट्टी मिटली. "काही नाही," म्हणाले आणि उठून गेले.

सकाळी आईकडून कळलं. बाबांच्या हाती पहिल्यांदा रंधा देणारे, त्यांना लेकासारखं वाढवणारे वस्ताद वारले होते. त्या दिवशी कॉलेज बुडवून चिंगीने थेट बाबांचा कारखाना गाठला.

मी दप्तरात होतो. बरेचदा थरथरलो. एकदाच तिचा हात चेनपर्यंत आला आणि मागे गेला.

"बाबा, काल माझं चुकलं. वस्ताद कसे होते, सांगा ना."

रंधा थांबला. बाबा आधी तुटक बोलले, मग बोलतच राहिले. मध्येच चिंगी मुसमुसताना ऐकू आली. घरी परतल्यावर ती आईला म्हणाली, किती दिवसांनी आत शांत वाटलं.

ती शांतता पुन्हा मिळावी म्हणून आता संध्याकाळी ती मला कपाटात ठेवते आणि डोळे मिटून बसते. पहिले काही दिवस दोन मिनिटंही निघेनात. अजूनही कधी कधी चुळबुळत येते, मला उचलते. चालायचंच.

मला फेकू नका, माझ्यावर रागावूही नका. फक्त शेजारी कुणी घुटमळत बसलं, तर मला पालथा ठेवा. भरून आलेला डोळा मला ओळखता येत नाही. तुम्हाला येतो.