पाकिटावरचा फेटा

मसाल्याच्या पाकिटावर ज्याचा फोटो, तोच मसाल्याचा धनी, असा लोकांचा समज असतो. कपिलला तो समज फारच सोयीचा होता. बोरी बुद्रुकच्या शिवारात त्याची पत्र्याची शेड होती, शेडवर 'गेणभाऊ मसाले' अशी ठळक पाटी होती आणि पाकिटावर निमगाव सावाच्या गेणभाऊंचा फोटो होता. गुलाबी फेटा, भरघोस पांढऱ्या मिशा, आणि लेकीचं लग्न थाटात पार पडल्यासारखं हसू. आता गेणभाऊंना मसाल्यातलं काय कळत होतं म्हणाल, तर जेवताना तिखट लागलं की पाणी मागावं, एवढंच. पण माणूस रुबाबदार होता, मराठ्याच्या मोठ्या घरातला होता, आणि पगारावर दुकानदारांशी गोड बोलायला तयार होता. कपिलला तेवढंच हवं होतं.

मसाला होता फुलाबाईचा, म्हणजे कपिलच्या आईचा.

कपिल डिप्लोमा करून भोसरीला कंपनीत लागला होता. पंच्याण्णव साली ती कंपनी बंद पडली आणि गडी घरी आला. आई बौद्धवाड्यातल्या लग्नाकार्याला मसाला भाजून द्यायची. तिच्या हातच्या कालवणाचा वास आला की पंगत आधीच भरायची. कपिलने डोकं चालवलं, पाकिटं छापली, आईच्या नावावरून 'फुलाई मसाले' असं नाव ठेवलं आणि आळेफाट्याच्या एका किराणा दुकानात पिशवी घेऊन गेला. दुकानदाराने पाकीट हुंगलं, मान डोलावली. मग विचारलं, "तुमी कुनाचे?" कपिलने आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. दुकानदार म्हणाला, "ठिऊन जा, बघू." पुढच्या बाजाराला कपिल पुन्हा गेला तर पाकिटं होती तशीच, पण फळीवर नाही, खाली रॉकेलच्या डब्यांशेजारी. दुकानदाराने एकही वाईट शब्द काढला नाही. तेच कपिलला जास्त लागलं. भांडायला तरी काहीतरी बोलणं लागतं.

त्याच संध्याकाळी तो गेणभाऊंच्या घरी गेला. महिन्याभरात पाकिटावर फेटा चढला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं कपिलचं सूत्र होतं आणि ती मूठ झाकायला त्याने नियमच घालून दिले. शेडमध्ये आपल्या आळीतली पोरं कामाला होती, त्यांना बजावलं की इथे 'जयभीम' नको, नमस्कार म्हणायचं. दुकानदार, व्यापारी कोणी येणार असेल तर आईने पुढे यायचं नाही. आणि शेडमध्ये तिला 'आई' म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं 'फुलाबाई' म्हणायचं. हे सांगताना त्याची जीभ जरा अडखळली होती. फुलाबाई मिरच्यांची देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या धंद्याला बरं आसंल तर तसं." तिने वाद घातला असता तर कपिलला बरं वाटलं असतं. पुढे त्याची जीभ अडखळेनाशी झाली, आणि त्या गोष्टीचं त्याला वाईट वाटायचंही थांबलं.

धंदा मात्र वाढला. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत असं दुकान राहिलं नाही जिथे गेणभाऊंचा फेटा फळीवर दिसत नव्हता. मुंबईची एक मोठी कंपनी टीव्हीवर नटी नाचवून आपला मसाला विकत होती, पण इकडे तिच्या पाकिटांवर धूळ बसायची. कपिल म्हणायचा, ही गेणभाऊंच्या चेहऱ्याची करामत. दर चैत्रात नवा मसाला निघाला की फुलाबाई बॅगभर मसाला कोंबून "म्हायेरला जाऊन येते" म्हणायची. तिचं माहेर शिनोलीला, घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या वाटेवर. आठ-पंधरा दिवस ती यायची नाही. त्याच दिवसांत व्यापाऱ्यांची वर्दळ असायची, त्यामुळे ती नसली की कपिलला हलकं वाटायचं. एस.टी.त बसवून द्यायला तो स्वतः जायचा.

दोन हजार चार साली त्या मुंबईच्या कंपनीतून उज्ज्वला नावाच्या बाई आल्या. मोठ्या हुद्द्यावरच्या होत्या, पण बोलायला सरळ. 'गेणभाऊ मसाले' त्यांच्या कंपनीच्या गाड्यांतून पुण्याला, नाशिकला पोहोचवायचा त्यांचा विचार होता. हे जमलं असतं तर कपिलच्या शेडचा खराखुरा कारखाना झाला असता. फक्त त्यांना आधी एक कोडं सोडवायचं होतं.

"तुमची जाहिरात नाही, पाकीट इतकं साधं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे सगळं आहे. तरी इथे तुमचाच मसाला का खपतो?"

कपिलला असा प्रश्न विचारणारं माणूस जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. तो खुलला. पावसाळ्यात मसाल्याच्या गुठळ्या झाल्या तर आम्ही पाकिटं परत घेतो, म्हणाला. पश्चिमेला डोंगरात खोबरं कमी आणि तिखट जास्त लागतं, इकडे कांदा-लसूण पुढे लागतो, तुमचा मसाला कोकणापासून विदर्भापर्यंत एकच, म्हणाला. आणि शेवटी खुर्चीवर बसलेल्या गेणभाऊंकडे हात करून म्हणाला, "पण खरी गोष्ट विश्वासाची, मॅडम. लोक ह्या चेहऱ्याकडे बघून घेतात."

"आणि मसाला मुळात कुणाचा? बनवायला कुणी सुरुवात केली?"

"गेणभाऊंच्या मातोश्रींनी," कपिल म्हणाला. गेणभाऊंनी मिशीवरून हात फिरवला आणि खिडकीबाहेर बघितलं.

नेमकी त्याच वेळी फुलाबाई चहा घेऊन आत आली. चहा आणणारी पोरगी त्या दिवशी आली नव्हती, आणि पाहुण्याला चहाविना बसवणं फुलाबाईच्या रक्तात नव्हतं. लुगड्याला भाजलेल्या धन्यांचा वास होता, कपाळावर घाम. उज्ज्वलाबाईंनी कप घेतला, नमस्कार केला आणि विचारलं, "ह्या कोण?"

कपिलने तोंड उघडलं. एकच शब्द होता, दोन अक्षरांचा. तो आला नाही. "ह्या भाजणीला असतात आमच्याकडे," तो म्हणाला. "फुलाबाई."

"व्हय बाई," फुलाबाई लगेच म्हणाली. लेकाचं खोटं उघडं पडू नये म्हणून तिने त्याला आणखी टेकूही दिला. "पैल्यापास्नं हाय मी हितं कामाला. मालक लई चांगलं हायेत."

ती रिकामा ट्रे घेऊन गेली. मालक हा शब्द कपिलच्या कानात तापल्या सळईसारखा गेला. त्याला वाटलं, उठावं आणि तिच्या मागे जावं. पण पुढ्यात पुणे-नाशिकच्या गाड्या उभ्या होत्या. तो बसून राहिला आणि त्याने चहा प्यायला. चहा चांगला झाला होता, हेही त्याला कळलं, आणि कळलं म्हणून स्वतःची आणखी किळस आली.

उज्ज्वलाबाईंना एखादं गाव बघायचं होतं. कपिलने निमगाव सावा सुचवलं, तिथे गेणभाऊंचा शब्द चालायचा. पण बाईंनी विचारलं, सगळ्यात जास्त खप कुठे? खोटं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून कपिल बोलून गेला, "शिनोली." डोंगराकडची माणसं तिखट खातात म्हणून तिथे खपतो, असं तो इतकी वर्षं समजत होता. बाई आणि गेणभाऊंसोबत जीपमध्ये बसताना त्याच्या मनात आलं की हे आईचं माहेर आहे. पण आई जाते ती माहेरच्या घरापुरती, दुकानात तिला कोण ओळखतंय, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली. माणूस स्वतःची समजूत फार स्वस्तात घालतो.

शिनोलीच्या दुकानासमोर एक म्हातारी पायरीवर बसून पिशवीत सामान भरत होती. दुकानदार तिला कोंडाबाई म्हणत होता. डोंगरातल्या कोळ्यांची बाई, भाताच्या खाचरांत जन्म गेलेली. तिच्या पिशवीत गेणभाऊंचा फेटा दिसला तशा उज्ज्वलाबाई तिच्याजवळ टेकल्या.

"आजी, हाच मसाला का घेता?"

"फुलीचा हाय म्हनून," कोंडाबाई म्हणाली.

"कोण फुली?"

"आमच्या गावची लेक. तिकडं बोरीला दिली. तिच्या पोरानं कारखाना काढलाय न्हवं का." म्हातारीने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "ह्यो फेटंवाला कोन, त्ये काय ठावं न्हाई. आसंल तिचा कोन कामाला."

गेणभाऊ खोकले. कपिलला जमिनीवरची खडी दिसत होती, बाकी काही दिसत नव्हतं.

कोंडाबाईला ऐकणारं माणूस मिळालं होतं, ती थांबायला तयार नव्हती. "दरसाली नवा मसाला झाला की वानोळा घिऊन येती बिचारी. पयला जिन्नस लोकाला चाखवल्याबिगर इकायचा न्हाई, आशी रीत हाय आमची. हितं, घोडेगावला, पार वरल्या वाड्यांनी, दारोदार पायी फिरती. मूठभर मसाला कागदात बांधून देती. म्हनती, माझ्या कपिलनं केलाय, खाऊन बगा, कमीजास्त आसंल तर सांगा, फुडच्या घान्याला नीट करते. मंग दुकानात आला की आमी घेतो. घेयाला नको व्हय?"

"सगळी घरं घेतात?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"घेत्यात की. काय काय घरातनी तिच्या हातातनं घेत न्हाईत. ती वट्यावर ठिवती आन् मागं सरती. मंग उचलत्यात. म्या म्हनलं, फुले, आसल्या दाराला जातीसच कशाला? तर म्हनली, पोराचा माल हाय, मला काय त्येचं."

कपिलच्या डोळ्यांपुढे ते ओटे आले. एका दुकानदाराने पाकिटं खाली ठेवली म्हणून त्याने आईचं नाव पुसलं होतं. आणि आई त्याच पाकिटांपायी दरवर्षी कुणाकुणाच्या ओट्यापासून मागे सरत होती, उन्हात, अनवाणी असेल किंवा त्याने दिवाळीला आणलेल्या चपला घालून असेल. त्याने कधी विचारलं नव्हतं. तो तर तिला एस.टी.त बसवून सुटल्यासारखा श्वास घेत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला तिथे, उज्ज्वलाबाईंसमोर, भर दुपारी कळलं.

"फुली म्हणजे," उज्ज्वलाबाई हळू म्हणाल्या, "सकाळी चहा घेऊन आल्या त्या?"

"माझी आई," कपिल म्हणाला.

त्याला वाटलं, आता बाई काहीतरी लागेल असं बोलतील. बोलल्या असत्या तर त्याने ते मुकाट्याने घेतलं असतं. पण बाईंचा चेहरा उजळला. "अहो, मग हे आधी सांगायचं! पाकिटावर आईंचाच फोटो हवा. दारोदार फिरून मसाला देणारी आई! लोकांना अजून काय पाहिजे?" त्या मनापासून बोलत होत्या. कपिलला मात्र वाटलं, आपण आईला लपवत होतो आणि ह्या तिला मांडायला निघाल्यात, आणि दोन्हीकडे भाव मसाल्याचाच चाललाय.

परतताना घोडेगावला उज्ज्वलाबाई मागून आलेल्या आपल्या गाडीने पुण्याला निघून गेल्या. जीपमध्ये दोघेच उरले.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं?" कपिलने विचारलं.

"कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातं व्हय?" गेणभाऊ म्हणाले. "निमगावात सुदिक समद्यांना ठावं हाय मसाला कुनाचा. आमच्या घरात रोज पडतोय कालवनात. पन नाव कोनी काढत न्हाई. तू सांगत न्हाईस, त्यामुळं आमाला इचारावं लागत न्हाई. तुजंबी भागतंय, आमचंबी भागतंय." मग म्हणाले, "माझा फोटू लावून तू आमचीच सोय केलीस बग, राव. मलाबी पगार घेताना लाज वाटली पायजे व्हती. न्हाई वाटली."

शेडवर पोचेपर्यंत दिवस कलला होता. कामाची माणसं हातपाय धूत होती. फुलाबाई अजून कढईपाशी होती, शेवटचे धने भाजत. कपिल तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. सगळ्यांच्या देखत त्याने हाक मारली, "आई." पोरं वळून बघायला लागली. फुलाबाईने उलथनं थांबवलं नाही.

"शिनोलीला गेलो होतो," तो म्हणाला. "कोंडाबाई भेटली."

"बरी हाय का? गुडघं लई दुखत्यात तिचं."

"आई, पाकिटावर आता तुझा फोटो टाकू. तुझं नाव टाकू. मुंबईच्या बाईसुद्धा तेच म्हणतात."

"त्या म्हनत्यात म्हनून व्हय," फुलाबाई म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर कपिलला पाय धरता आले असते. "नगं बाबा. फोटू काडून काय करू? मला त्यातलं काय नगं व्हतं."

"मग काय हवं होतं? सांग ना. मी चुकलो, आई. काय करू ते सांग."

तिने कढईखालचा जाळ कमी केला आणि पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"मी दारोदार तुजं नाव सांगत फिरले रं, कपिल," ती म्हणाली. "तुला माजं एका बाईला सांगता आलं न्हाई. आता काय करायचं त्येचं? व्हय बाजूला, धनं करपत्याल."