फिलोमेनाचा हात

“फिलोमेना, माझी तलवार कुठाय?” तिचा नवरा बाप्तिस्त जिन्यावरून ओरडला.

“पुसून दाराशी ठेवलीय. चल, उशीर होतोय.”

एप्रिलातला शेवटचा रविवार. आपेनझेल या छोट्या स्विस राज्याची सभा याच दिवशी चौकात, उघड्या आभाळाखाली भरायची. कमरेला तलवार असेल त्यालाच मत, ही शेकडो वर्षांची रीत. भरतकामावर जन्म काढलेली फिलोमेना एकेचाळीस वर्षं ही सभा शिंप्याच्या माडीवरून बघत आली होती. गेल्या वर्षी बायकांना मत नको म्हणून पुरुषांनी हात वर केले, त्यांत बाप्तिस्तचाही होता. तिनं तो वरून ओळखला होता. पुढे न्यायालयानंच बायकांच्या बाजूनं निकाल दिला, आणि अडुसष्टाव्या वर्षी तिला टपालानं मताचं कार्ड आलं.

चौकाभोवती बांधलेल्या दोराशी उभ्या माणसानं कार्ड पाहिलं. “या काकू, आत या.”

“काय बाप्तिस्त, आज चुलीपाशी कोण?” शेजारचा फ्रांत्स हसला.

“आज उपास!” बाप्तिस्त गुरगुरला.

मग टोप्या उतरल्या. तीन बोटं वर करून हजारो माणसं शपथ म्हणू लागली. माडीवर शपथ नुसती घुमायची; इथे तळपायांतून अंगात चढत होती. फिलोमेनाला शब्दन् शब्द पाठ होता, पण आजवर तो मोठ्यानं कधी म्हटला नव्हता. शेवटचं वाक्य तेवढं तिच्या तोंडून फुटलं. आपला आवाज त्या आवाजात मिसळताना ऐकून तिच्या अंगावर काटा आला.

तिसरा ठराव वरच्या वाडीच्या रस्त्याचा होता. बाप्तिस्तनं हात खालीच ठेवला. तिनं वर केला.

“अगं, फुकटचा खर्च आहे तो!”

“भरतकामाचं गाठोडं घेऊन त्या वाटेनं बर्फातून मी चालत आलेय. तू नाही.”



किती हात वर आहेत याचा नजरेनं अंदाज लागेना. पंचांनी पुन्हा हात वर करायला सांगितले, आणि ते बराच वेळ बघत राहिले. तिचा दंड भरून आला, हात खाली येऊ लागला. तेवढ्यात कोपराखाली एक खरबरीत तळवा आला.

“मत माझं नाही हां,” समोर बघतच बाप्तिस्त पुटपुटला.

पंच ‘पुरे’ म्हणेपर्यंत त्यानं तो तळवा काढला नाही.