मोठा तुकडा

लष्करी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्या माणसाच्या छातीवरून उचलला आणि तक्त्यावर लिहिलं : दूध, दर दोन तासांनी सहा चमचे. दुपारी एक बिस्कीट.

“सहाच?” खाटेवरचा माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“इतक्या उपासानंतर एकदम खाल्लंत, तर मराल.”

“म्हणजे तुरुंगवाल्यांना उगीच शिव्या दिल्या. जपतच होते की आम्हाला!”

नर्स हसली. डॉक्टरांनी साथीच्या रोगामुळे तोंडावर बांधलेलं फडकं सारखं केलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. थोरल्या भावाला शोधत आलेली, सुटलेल्या कैद्यांची ही त्यांची चौथी छावणी. दादा जिवंत सुटला, एवढंच त्यांना कुणीसं सांगितलं होतं. तो पकडला गेला खोट्या नावानं, आणि ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. दारात उभं राहून त्याचं खरं नाव पुकारलं, तरी अशी माणसं ओ देत नाहीत. पाच वर्षं जीव वाचवणारी सवय आठवड्यात सुटत नाही.

खिशातला दादाचा जुना फोटो त्यांनी नर्सला दाखवला.

“डॉक्टर, असे गाल इथे कुणालाच उरले नाहीत हो.”

दुपारी बिस्किटं वाटून झाली. डॉक्टर दारातल्या स्टुलावर पाय मोकळे करत बसले होते. त्या सकाळच्या माणसानं आपलं बिस्कीट मोडलं, दोन तळव्यांवर दोन तुकडे ठेवले, डोळे घट्ट मिटले आणि हात शेजारच्या खाटेकडे केले.

“घे. आधी तू.”

शेजारी गाढ झोपला होता.

डॉक्टर उठले. घरी असंच चालायचं. दादानं मोडायचं, डोळे मिटायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. धाकट्यानं दर वेळी मोठा तुकडा लांबवला होता, आणि दादाला ते कधी कळलं नाही, असंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

त्यांनी पुढे होऊन छोटा तुकडा उचलला.

त्या माणसानं हातात उरलेला तुकडा बोटांनी चाचपला.

“चुकलास बाबा, मोठा राहिला,” डोळे न उघडताच तो म्हणाला. “आमच्या धाकट्याची अशी चूक कधी झाली नाही.”

डॉक्टरांनी फडकं खाली ओढलं. मग त्यांनी छोटा तुकडा परत ठेवला आणि मोठा उचलला.

खाटेवरचा माणूस डोळे उघडेना. तळवा मात्र तसाच पुढे राहिला.