मागील सभेतील निर्णय कायम

तुम्ही नियामक मंडळवाल्यांनी कमलाबाई गमरेंना कामावरून काढलंत, त्यात नवल काही नाही. माणसं काढायची तुम्हाला सवयच आहे. पण काढायच्या आधी तुम्ही त्यांना पेढे वाटायला लावलेत. याला काय म्हणायचं? तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे सांगितलं पेढे वाटायला? खरंय. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. तुमच्या कागदावर सही असते, शिक्का असतो, जावक क्रमांक असतो, फक्त सांगितलेलं काही नसतं.

परळच्या त्या कम्युनिटी कॉलेजात शिकायला येतं कोण? शाळा अर्ध्यात सुटलेल्या पोरी, नवरा गेलेल्या बायका, वायरिंग शिकून चार घरची कामं धरू बघणारे बाप्ये. जिन्याच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलंय : शिक्षण सर्वांसाठी. त्या भिंतीखालचा जिना कमलाबाई एकोणीस वर्षं पुसत होत्या. एकोणीस वर्षं, आणि कागदोपत्री हंगामी. कसला हो हंगाम हा? आंब्याचासुद्धा दोन महिन्यांत आटपतो.

ऑफिसात नूपुर घाटे होती. गिरगावची, तिशीतली. आजोबा कारकून, वडील कारकून आणि आता ही. सरळ अक्षर, सरळ भांग, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नियामक मंडळाच्या सभेत कोपऱ्यात बसून टिपणं घ्यायची आणि सभा झाली की इतिवृत्त लिहायचं, हे तिचं काम. गेल्या वर्षी नवे डायरेक्टर आले आणि तिच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. दर महिन्याला एक पानी पत्रक काढायचं, 'कारभार व कामकाज : ताज्या घडामोडी'. सभेत काय ठरलं, कुठला वर्ग कुठे हलवला, लिफ्ट कधी दुरुस्त होणार, सगळं त्यात. डायरेक्टरांचा हुकूम होता की आठ शब्दांच्या वर एकही ओळ जाता कामा नये. "लोकांना वेळ नसतो," ते म्हणाले होते. पारदर्शकता म्हणे.

कमलाबाईंना वाचायला शिकवलं ते नूपुरनेच. मंडणगडहून लग्न होऊन करी रोडच्या चाळीत आल्या तेव्हा त्यांना सही येत होती, तीही चित्र काढल्यासारखी. दोन्ही मुलं ग्रॅज्युएट केली, पण स्वतःचं राहूनच गेलं. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि आपण अंगठेबहाद्दर, ही सल त्यांना पन्नाशीतही बोचायची. चार वर्षांपूर्वी एका दुपारी डबा खाताना त्या नूपुरला म्हणाल्या, "नूपुरबाय, मला शिकव गो. कुणाला सांगू नको मातर."

पुस्तक आणायचं कोणी? नूपुरने रद्दीतली जुनी परिपत्रकं काढली. रोज जेवणाच्या सुट्टीत एक. त्यामुळे कमलाबाईंचं वाचन भलतंच झालं. 'कमळ, बगळा' त्यांना अडखळत यायचं, पण 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की' हे घडाघडा. हंगामी शिपाई रमाकांत चिडवायचा, "मावशी, शामरावांना चहा पण आता परिपत्रक काढून देता काय?" शामराव म्हणजे त्यांचे यजमान. कमलाबाई फणकारायच्या, "देते तर! सदर चहा थंड झाल्यास कार्यालय जबाबदार राहणार नाही."

आणि एक शब्द त्यांना बघताक्षणी ओळखू यायचा. कायम. कुठल्याही कागदावर तो दिसला की त्यांचं बोट तिथे थांबायचं. "हा माझा शब्द," म्हणायच्या.

मार्चमध्ये महिला दिनाला तुमच्याच डायरेक्टरांनी त्यांना स्टेजवर बोलावलं. हातात गुलाब दिला आणि माईकवर सांगितलं, "कमलाताई आमच्या कुटुंबातल्याच आहेत. त्यांचा विषय आम्ही पुढच्या सभेत घेतोय." टाळ्या पडल्या. शब्द पाळला बरं का त्यांनी. एप्रिलच्या सभेत विषय घेतला. हंगामी सेविका आणि शिपाई यांची कामं बाहेरच्या एजन्सीला द्यायची, असं ठरलं. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. नूपुर कोपऱ्यात बसून लिहीत होती.

तेव्हाच सांगायचं ना मग! पण सभेतलं बाहेर बोलायचं नाही, पुढच्या सभेत कायम होईपर्यंत पत्रकातही छापायचं नाही, हा नियम. आणि निर्णय अजून कायम व्हायचाय, पुढच्या सभेत कोणीतरी फिरवेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. कमलाबाईंनी एकदा विचारलं, "घेतला का गो माझा विषय?" ती म्हणाली, "घेतला." बस्स, तेवढंच. तेवढं खरं होतं.

जूनच्या सभेत कोणी काही फिरवलं नाही. त्याच संध्याकाळी रजिस्ट्रार पुष्कर सरांनी तिच्या टेबलावर ठराव ठेवला : 'हंगामी सेविका व शिपाई यांची कामे बाह्य संस्थेकडे सोपविण्याबाबत मागील सभेत घेण्यात आलेला निर्णय एकमताने कायम करण्यात येत आहे.'

"आठ शब्दांत बसव," ते म्हणाले.

तिने बसवलं. 'हंगामी सेविका व शिपाई : मागील सभेतील निर्णय कायम.' बोटांवर मोजलं, बरोबर आठ. मग तिचा हात अडला.

"सर, कुठला निर्णय ते लिहूया ना. लोकांना कळणार नाही."

"मागच्या इतिवृत्तात आहे की. ज्याला बघायचंय तो बघेल."

"इतिवृत्त तर तुमच्या कपाटात असतं."

"मग येऊन मागेल," पुष्कर सर हसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घरी जायची घाई होती इतकंच.

शुक्रवारी सकाळी पत्रक फळ्यावर लागलं. नूपुर पंच करून आत येतेय तोच मागून हाक आली. कमलाबाई फळ्यासमोर उभ्या होत्या, बादली तशीच बाजूला, आणि बोट कागदावर टेकलेलं.

"हं...गामी. सेविका. व शिपाई. मागील... सभेतील... निर्णय." आणि मग बोट थांबलं. त्या नूपुरकडे वळल्या. "झालो की गो आम्ही. माझा विषय मागल्या सभेत घेतला होता ना? झालो."

नूपुरने तोंड उघडलं होतं. शप्पथ उघडलं होतं. पण कमलाबाई म्हणाल्या, "आणि बघ, कुणी सांगितलं नाय मला. माझं मी वाचलं." आणि नूपुरचं तोंड मिटलं.

तासाभरात पेढे आले, लालबागच्या नाक्यावरून. सगळ्या मजल्यांवर फिरले. रमाकांतने दोन उचलले. "एक कायमचा, एक हंगामी," म्हणाला. शिपाई म्हणून तोही त्याच ओळीत होता, तोही खुशीत. कमलाबाई पुष्कर सरांच्या केबिनमध्ये गेल्या, ते फोनवर होते. पेढा घेतला, मान हलवली, फोन चालूच. नूपुरच्या टेबलावर त्यांनी पेढा ठेवला नाही, स्वतःच्या हाताने तिच्या तोंडात घातला. तिने गिळलं. पेढाही आणि सांगायचं तेही.

शनिवारी कॉलेज बंद. रविवारी दुपारी चाळीमागच्या बुद्धविहारात महिला मंडळाने कमलाबाईंचा सत्कार ठेवला होता. नूपुरने जायला नको होतं. पण फोन आला, "तू नाय आलीस तर मी शाल घेणारच नाय." ती गेली. वाटेत आज सांगायचंच असं घोकत गेली. विहारात पोचली तर पंचवीस-तीस बायका पांढऱ्या साड्या नेसून बसलेल्या, शामराव पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, कानामागे हात धरून ऐकत. भिंतीला तुमचं पत्रक. त्याची झेरॉक्स काढून, प्लॅस्टिकमध्ये घालून बुद्धमूर्तीशेजारी टेकवून ठेवलं होतं.

कमलाबाईंना बोलायला उभं केलं. त्या बोलल्या नाहीत, त्यांनी वाचलं. ती आठ शब्दांची ओळ सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. एकदाही अडखळल्या नाहीत. मागची एक म्हातारी रडायला लागली. मग कोणीतरी म्हणालं, "मॅडम, तुम्हीपण दोन शब्द बोला."

नूपुर उठली. तीस जोडी डोळे. "कमलामावशी फार छान वाचतात," ती म्हणाली आणि खाली बसली. टाळ्या झाल्या.

या पोरीला आता शिव्या घालणं सोपं आहे. घाला. पण तिची भित्री कारकुनी जीभ कोणी घडवली तेही विचारा.

सोमवारी साडेदहाला एजन्सीचा माणूस आला. पोरगेलासा, टाय लावलेला, हातात यादी. हंगामी लोकांना पॅसेजमध्ये रांगेत उभं केलं. वय विचारत होता. पंचेचाळीसच्या वर असेल त्याला बाजूला. रमाकांत त्रेचाळीसचा, तो सुटला, निम्म्या दिवसांचं काम आणि एजन्सीचा शर्ट. कमलाबाई त्रेपन्न.

"आंटी, आप साइड में."

"मी कशाला? मी कायम झाले."

त्याला कळेना. कमलाबाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्या सरळ फळ्याकडे गेल्या, टाचण्या काढून पत्रक सोडवलं आणि पुष्कर सरांच्या केबिनमध्ये शिरल्या. नूपुर मागोमाग.

"साहेब, हे बघा. छापील आहे. तुमची सही आहे खाली."

पुष्कर सरांनी वाचलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. शुक्रवारचा पेढा बहुतेक तेव्हा त्यांना आठवला असावा, कारण ते लाल झाले. पण समजावलं त्यांनी शांतपणे, मास्तर व्याकरण समजावतो तसं. "मावशी, हे 'कायम' निर्णयाला लागतंय. निर्णय कायम झालाय. तुम्ही नाही."

"कुठला निर्णय?"

"एजन्सीचा. एप्रिलमध्ये ठरला होता."

"माझा विषय ठरला होता."

"हो. तोच तुमचा विषय."

कमलाबाई पत्रकाकडे बघत राहिल्या. बोट पुन्हा ओळीवर ठेवलं, एकेका शब्दावरून नेलं, हळूहळू, पहिल्या दिवशी शिकताना न्यायच्या तसं. मग मान वर केली ती नूपुरकडे. नूपुरला वाटलं, आता मावशी मला शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं. रविवारी कुठे होतं तुझं तोंड, असं म्हणाल्या असत्या तर त्या पोरीला रात्री झोप तरी लागली असती.

कमलाबाई म्हणाल्या, "माझं वाचायचं चुकलं काय गो?"

"नाही मावशी."

"तू शिकवलंस तसंच वाचलं मी."

"बरोबर वाचलंत. मी लिहिलं चुकीचं. मला ठाऊक होतं. एप्रिलपासून."

पुष्कर सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. कमलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिल्या. विहारात तो कागद अजून बुद्धापाशी होता. शामरावांना कोण सांगणार, की तो काढायचाय? ऐकू कमी येतं त्यांना. ओरडून सांगावं लागणार. मग सगळी चाळ ऐकणार.

बाहेर पॅसेजमध्ये डायरेक्टर आले होते. एजन्सीवाल्याशी हात मिळवत होते. कमलाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. रांग होती तिथेच थांबली. वर्गातल्या पोरी दाराशी आल्या.

"कमलाताई!" डायरेक्टर म्हणाले. "तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. मंडळाने सगळ्या बाजूंनी विचार करूनच..."

"साहेब, मला भांडायचं नाय," कमलाबाई म्हणाल्या. "जाते मी. माझा डबा आहे वरती, तो घेते नि जाते. एकच विचारायचंय."

"विचारा ना."

"त्या सभेत माझा विषय झाला म्हणता. अकरा जण होतात तुम्ही, मीच चहा दिला. चहा देऊन मी बाहेर गेले, मग विषय झाला. त्यात माझं नाव कोणी घेतलं का? एकानं तरी? कमलाबाई गमरे म्हणून एक बाई आहे, तिचं काय करायचं, असं?"

डायरेक्टरांनी नूपुरकडे बघितलं. नूपुरकडे टिपणवही होती, आणि त्या वहीत काय नव्हतं ते तिला माहीत होतं. ती बोलायला पुढे झाली तर कमलाबाईंनी हात आडवा केला.

"हिला नका विचारू. ही लिवणारी. बोलणारे तुम्ही होतात." त्या एक पाऊल पुढे सरकल्या. "सांगा साहेब. घेतलं का कोणी माझं नाव?"